सहीच्या जागचं भोक

१

पौडच्या नोंदणी कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली चार-पाच टेबलं मांडलेली असत. त्यातलं कोपऱ्यातलं टेबल फकरुद्दीन मुलाणीचं. तो दस्तलेखक होता. लोकांनी तोंडी सांगायचं आणि त्यानं ते खरेदीखताच्या, हक्कसोडपत्राच्या सरकारी मराठीत बसवायचं, असं तीस वर्षं चाललं होतं. दोन हजार सहा सालात मुळशीतल्या जमिनी अशा काही खपू लागल्या होत्या की दुपारची भाकरी खायलाही त्याला टेबल सोडता येत नसे. माणसाचं नाव तो विसरे, तोंड विसरे, पण सही विसरत नसे. अंगठा तर नाहीच. नुसता ठसा पाहून हा गवंड्याचा की गुराख्याचा हे तो सांगायचा. गवंड्याच्या रेषा सिमेंटनं झिजतात, पण पुऱ्या पुसल्या जात नाहीत, असं त्याचं म्हणणं.

त्याला नाद एकच. बायकोचा धाकटा भाऊ इरफान ऐंशीच्या सुमारास लिबियात रस्त्याच्या कामावर गाड्या दुरुस्त करायला गेला होता. परत येताना त्यानं दाजींसाठी एक जुनी नोट आणली. देश नुकता स्वतंत्र झाला, तिथं राजा होता, त्या काळातली. फकरुद्दीनला लहानपणी मशिदीत शिकलेली अरबी अक्षरं येत होती. त्यानं ती नोट एकेक अक्षर लावत वाचली आणि तिथंच तो फसला. पुढं मुंबईच्या, लंडनच्या व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार करताना त्याला नमुना नोटांची माहिती झाली. नव्या देशाचं चलन बाहेर पडण्याआधी छापखाना बँकांना दाखवायला काही नोटा काढतो. कागद तोच, शाई तीच, नक्षी तीच. फक्त नंबराच्या जागी सगळी शून्यं, अंगावर आडवी लाल अक्षरं, आणि सहीवर गोल भोक, म्हणजे कुणी चुकून बाजारात चालवू नये. अशा तीन नोटा त्यानं आठ वर्षांत मिळवल्या होत्या.

"म्हंजी खोट्या?" त्याची बायको मैमुना एकदा म्हणाली.

"खोट्या न्हाईत गं. सगळं खरंच हाय. फक्त चालत न्हाईत."

"मग तुमच्यावानीच की. नमुना!"

मैमुना अशीच होती. दूधवाल्याशी भांडे, एसटीच्या कंडक्टरशी भांडे, पत्र्यावर बसणाऱ्या कावळ्यांशीही भांडे. तिचा आवाज मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत जाई. बत्तीस वर्षांच्या संसारात फकरुद्दीनला तो ऐकूच येईनासा झाला होता. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही, तसं.

२

डिसेंबरात पेपरात दोन ओळींची जाहिरात आली. जुन्या परदेशी नोटा विकणे आहे, आणि खाली बावधनचा पत्ता. फकरुद्दीन रविवारी सकाळच्या एसटीनं चांदणी चौकात उतरला आणि विचारत विचारत त्या सोसायटीत गेला.

चौथ्या मजल्यावर मृण्मयी नावाच्या तिशीतल्या मुलीनं दार उघडलं. कंपनीत नोकरीला होती. डोळ्यांखाली काळं, बोलणं तुटक. नोटा तिच्या वडिलांच्या होत्या. ते दोन वर्षांपूर्वी वारले होते. तिनं काळ्या कातडी पाठीचा एक अल्बम टेबलावर ठेवला आणि स्वतः लांब उभी राहिली.

लिबियाच्या पहिल्या नोटांचा नमुना संच होता तो. सातच्या सात. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला शाळकरी वळणाची 'मृण्मयी' अशी जुनी सही होती. फकरुद्दीन खुर्ची पुढं ओढून वाकला. प्रत्येक नोटेवर, सहीच्या बरोबर मध्यावर, वाटाण्याएवढं गोल भोक होतं. कड इतकी साफ की भोक पाडलेलं न वाटता कागद तसाच जन्मला असावा असं वाटे.

तेवढ्यात आतून एक बाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. हसल्या. पेला ठेवून परत गेल्या. तो नोटा पाहत असताना त्या पुन्हा आल्या, तशाच हसल्या, तसाच पेला पहिल्या पेल्याशेजारी ठेवून गेल्या.

"आई फार शांत आहेत तुमच्या," तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"दोन वर्षं झाली," मृण्मयी म्हणाली. "आधी नव्हती."

सौदा ठरला. तिनं फार ताणलंच नाही. सवयीप्रमाणे फकरुद्दीननं खिशातून कागद काढून दोन ओळींची पावती लिहिली आणि पेन पुढं केलं.

"सही करणार नाही मी."

"अहो, साधी पावती आहे. तुमच्याच सोयीची."

"काका, न्यायचं तर न्या, नाहीतर राहू द्या. सही नाही."

तो अल्बम पिशवीत घालून निघाला. एक मजला उतरला असेल, तोच ती चपला न घालता मागून आली. कठड्याला धरून म्हणाली, "घरात कागदपत्रांजवळ ठेवू नका हा."

"का? वाळवी आहे?"

तिनं थोडा विचार केला. "तसंच समजा," म्हणाली आणि वर गेली.

३

घरात लोखंडी कपाट एकच. खालच्या खणात मैमुनाचे ठेवणीतले कपडे, वरच्या खणात सगळे कागद. सातबाऱ्याचे उतारे, रेशनकार्ड, विम्याचे कागद, जुनी पत्रं. अल्बम ठेवायला दुसरी जागा नव्हती. फकरुद्दीननं एक एक पान उलटून वाळवी पाहिली, कसर पाहिली. काही नव्हतं. दोन डांबराच्या गोळ्या टाकून त्यानं अल्बम कागदांशेजारी उभा केला.

आठवड्याभरानं दुपारी तो पलंगावर आडवा झाला होता. मैमुना मागच्या अंगणात मिरच्या निवडत होती. कपाटातून आवाज आला, टक्. अडकित्त्यात कच्ची सुपारी फुटावी तसा. एकदाच.

"उंदीर आसंल," मैमुना बाहेरून म्हणाली. म्हणजे तिलाही ऐकू गेला होता.

त्यानं कपाट उघडलं. उंदीर नव्हता, लेंड्या नव्हत्या. कागद चाळता चाळता इरफाननं लिबियाहून धाडलेलं जुनं पत्र हाती आलं. निळा, पातळ, विमानी टपालाचा कागद. शेवटी 'आपला' एवढं लिहून पुढं तो 'इरफान' अशी झोकदार सही करायचा. 'आपला' होतं. पुढं वाटाण्याएवढं गोल भोक होतं.

फकरुद्दीननं पत्र उजेडात धरलं. भोकातून खिडकीचा गज दिसत होता. मग त्यानं अल्बम काढून पत्र नोटेवर ठेवलं. भोकावर भोक चपखल बसलं.

माणूस कागदात मुरलेला होता, त्यानं डोकं चालवलं. आपणच कधीतरी फायलीला लावताना पंच मारला असेल. पण कचेरीतल्या पंचाचं भोक याहून बारीक, आणि ते कडेला असतं. कसर असं गोल खात नाही. आणि पंच मारला तरी कागदाची टिकली कुठंतरी पडायला हवी. त्यानं खण झाडला, फडक्यानं पुसला, बोटांनी कोपरे चाचपले. टिकली मिळाली नाही.

पत्र घडी करून त्यानं होतं तिथं ठेवलं. 

४

इरफानचं पिरंगुटला गॅरेज होतं. महिन्यातून एका शुक्रवारी तो बहिणीकडं जेवायला यायचा. आला की आधी मटणाला नावं ठेवायची, मग दोनदा वाढून घ्यायचं, मग बापाच्या जमिनीवरून बहिणीशी वाद घालायचा, हा क्रम ठरलेला. ताम्हिणीच्या रस्त्याला दोघांच्या नावावर अकरा गुंठे होते. इरफानला विकायचे होते, मैमुनाला नाही. ती सही करत नाही म्हणून सहा वर्षं ते तसंच पडून होतं.

त्या शुक्रवारी तो आला, हात धुऊन बसला, ताटात पडलं ते जेवला.

"चांगलं झालंय, आपा," म्हणाला.

मैमुनाच्या हातातली पळी तशीच राहिली. तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग मुद्दाम, फकरुद्दीनला ते लगेच कळलं, मुद्दाम ती म्हणाली, "आई मेली तवा तू तिकडं होतास. मातीला बी आला न्हाईस."

हा इरफानचा दुखरा कोपरा. या एका वाक्यावरून पूर्वी त्यानं भरलं ताट अंगणात फेकलं होतं, दोन वर्षं उंबरा चढला नव्हता.

इरफान हसला. "व्हय, आपा. न्हाई आलो," म्हणाला आणि भाताचा घास घेतला.

तो गेल्यावर मैमुना चुलीपाशी उकिडवी बसली. खरकटी ताटं तशीच पडून होती. हेच फकरुद्दीनला जड गेलं.

"त्यो माझा भाऊ न्हाई," ती म्हणाली.

"येडी का खुळी तू?"

"त्वांड त्याचंच हाय. आवाज बी त्याचाच. कपाळावरची खोक बी हाय. पर त्यो न्हाई. मी काखंत वाढवलाय त्याला, मला कळत न्हाई व्हय?"

"आगं, पन्नाशी आली त्याची. माणूस निवळतो वयानं. साखर झाली आसंल, थकला आसंल."

"निवळलं तर खाली गाळ ऱ्हातो," मैमुना म्हणाली. "ह्याच्यात गाळच न्हाई."

फकरुद्दीनला पत्र आठवलं. त्यानं ते विचारातून काढून टाकलं. दस्ताला पुरावा लागतो. एका पत्राला पडलेलं भोक आणि एका मेव्हण्यानं न फेकलेलं ताट, यांचा एकमेकांशी संबंध लावायला त्याच्याकडं काही आधार नव्हता.

५

तरी दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला नाही. शनिवार होता, सुट्टीच होती, पण सुट्टीच्या दिवशीही तो एरवी जाऊन बसे. नाष्टा झाल्यावर त्यानं कपाट उघडलं. अल्बम इथून हलवायचा आणि कागद एकदा नीट तपासायचे, एवढंच त्याच्या मनात होतं. अल्बम त्यानं बाहेरच्या खोलीत खिडकीत नेऊन ठेवला. मग कागदांची फाईल मांडीवर घेऊन तो पलंगावर बसला.

मागच्या अंगणात मैमुना शेजारच्या साळूबाईशी भांडत होती. साळूबाईनं ओली गोधडी सामाईक दोरीवर टाकली होती आणि तिचं पाणी मैमुनाच्या वाळत घातलेल्या डाळीवर ठिबकत होतं.

"डोळं फुटलं व्हतं का गं तुजं? एवढी परातभर डाळ दिसली न्हाई?"

"दोरी काय तुज्या बापाची हाय?"

"माज्या बापानंच रोवलाय खांब त्यो! इचार जाऊन तुज्या..."

फकरुद्दीन कागद उलटत होता. विम्याचा कागद आला. त्यावर मैमुनाची सही होती. लग्नानंतर त्यानंच तिला पाटीवर शिकवलेली. म मोठा, ना खाली घसरलेला, आणि शेवटी उगाचच एक टिंब. त्यानं तो कागद दोन्ही हातांत धरला. बाहेर आवाज चढतच होता, "...सासऱ्याला इचार, त्यो आला व्हता तवा खड्डा..."

टक्.

आवाज कपाटातून आला नव्हता. खिडकीतूनही नाही. त्याच्या दोन हातांच्या मधून आला होता. बोटांना बारीकसा झटका बसला, दाताखाली खडा यावा तसा.

आणि बाहेरचं वाक्य तिथंच थांबलं.

फकरुद्दीनला बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आपलं घर ऐकू आलं. भिंतीवरचं घड्याळ. गोधडीचं ठिबकणारं पाणी. बाहेर साळूबाई म्हणाली, "काय गं? काय झालं?" आणि मग मैमुनाचा आवाज, खालच्या पट्टीत, "काई न्हाई. ऱ्हाऊ दे गोधडी."

ती आत आली. पदराला हात पुसत त्याच्यासमोर उभी राहिली आणि हसली.

"चहा ठिवू का?"

त्यानं मान हलवली. ती चुलीकडं गेली. बऱ्याच वेळानं त्यानं हातातला कागद पाहिला. विम्याच्या कागदावर भोक पडलं होतं, आणि त्यातून त्याला स्वतःच्या गुडघ्यावरचा लुंगीचा चौकडा दिसत होता. शेवटचं टिंब तेवढं बाहेर राहिलं होतं.

६

त्यानं तिला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं रक्तदाब घेतला, जीभ पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. "सगळं नॉर्मल आहे, चाचा. तक्रार काय आहे नेमकी?"

 बायको भांडत नाही, ही काय तक्रार?

तिला सगळं आठवत होतं. लग्नात कोणी काय आहेर केला ते, मुलगी फरहतच्या जन्माची वेळ, उसन्या दिलेल्या पातेल्यांची नावं. विचारलं की ती बरोबर उत्तर देई आणि देऊन झालं की थांबे. स्वयंपाक तोच, चव तीच. साळूबाई म्हणाली, "मैमुनाबी लई ग्वाड झाली आता. अल्लानं बुद्दी दिली." आळीत सगळ्यांना बरंच वाटत होतं.

एका सकाळी तो अल्बम पिशवीत घालून बावधनला गेला. पैसे नकोत, नुसता परत घ्या, असं सांगायचं त्यानं ठरवलं होतं. दार मृण्मयीनंच उघडलं. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. चेहरा भरला होता.

"या ना, काका. बसा. पाणी आणते."

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत सोफ्यावर तिची आई बसली होती. दोघी त्याच्याकडं पाहून हसल्या.

"तुम्हाला तेव्हा पावती हवी होती," मृण्मयी म्हणाली. "माझंच चुकलं. आणा, देते करून सही."

तिनं हात पुढं केला. हात तसाच पुढं राहिला, अवघडला नाही, थरथरला नाही. फकरुद्दीन जिने उतरून खाली आला तेव्हा पिशवी अजून त्याच्या काखेत होती. पुठ्ठ्यावरच्या त्या शाळकरी सहीच्या जागी आता काय असेल, ते अल्बम उघडून पाहावंसं त्याला वाटलं नाही. चांदणी चौकात पौडची गाडी मिळेपर्यंत तो उन्हात उभा राहिला.

त्या दिवसापासून त्यानं स्वतः सही करणं सोडलं. हाताला मुंग्या येतात, असं तो लोकांना सांगे, आणि दस्त लिहून झाला की लेखकाची सही शेजारच्या टेबलावरच्याला करायला लावी.

७

फेब्रुवारीत इरफान आणि मैमुना दोघं मिळून म्हणाले की अकरा गुंठे विकून टाकू. गिऱ्हाईक पुण्याचं होतं. सहा वर्षांचा वाद एका चहात मिटला. फरहतला फोनवर कळलं तेव्हा तिला आनंद झाला. ती महाळुंग्याला राहायची, हिंजवडीत नोकरी करायची, नवरा आखातात होता. "चला, अम्मी एकदाची तयार झाली," म्हणाली.

दस्त फकरुद्दीननंच लिहिला. लिहिण्यात त्याचा हात थांबला नाही. 'लिहून देणार यांनी राजीखुशीने, अक्कलहुशारीने' हे शब्द त्यानं हजारो वेळा लिहिले होते.

नोंदणीच्या दिवशी कचेरीत नेहमीची गर्दी होती. कारकून वाल्मीक हा ओळखीतला, चाचाचं काम म्हणून त्यानं लवकर नंबर घेतला. शाईचा पॅड सरकवून त्यानं इरफानचा अंगठा धरला, घोळवला, कागदावर दाबला.

"मामा, पुसून घ्या. ग्रीस हाय जणू," वाल्मीक म्हणाला. पुन्हा दाबला. मग तिसऱ्यांदा. "गॅरेजवाल्यांचं असंच असतं," म्हणून त्यानं पान उलटलं आणि मैमुनाचा अंगठा घेतला.

फकरुद्दीन टेबलाच्या या बाजूला उभा होता. ठसे त्याला उलटे दिसत होते, तरी पुरेसे दिसत होते. त्यानं कागद स्वतःकडं फिरवून घेतला.

शाईचे लंबगोल होते. भरीव, सारखे, कडेपर्यंत काळे. आत रेष नव्हती. झिजलेली नाही, पुसट नाही. रेषच नव्हती. चमच्याची पाठ शाईत बुडवून टेकवावी तसं. मैमुनाच्या अंगठ्यावर विळीनं कापल्याची जुनी खूण होती. त्याच अंगठ्याला त्यानं एकदा हळद भरली होती. ती खूणही उमटली नव्हती. त्यानं तिच्या हाताकडं पाहिलं. तिनं तो पदराखाली घेतला होता.

"काय बघताय, चाचा? चालतं," वाल्मीक म्हणाला. "हितं ओळख देणाराची सही करा. घरचंच काम हाय म्हणून तुमीच करा."

पेन त्याच्या हातात आलं. कागदावर छापलेलं होतं, लिहून देणार यांना मी व्यक्तिशः ओळखतो. ही ओळ त्यानं आयुष्यात इतक्या वेळा वाचली होती की ती वाचायची राहून गेली होती. आता त्यानं ती वाचली.

त्यानं मैमुनाकडं पाहिलं. ती त्याच्याचकडं पाहत होती. शेजारी इरफान. दोघांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती, भीती नव्हती, काही मागणंही नव्हतं. दोघं थांबली होती, एवढंच.

"चाचा, लोकं हायेत मागं."

"मी यांना ओळखत न्हाई," फकरुद्दीन म्हणाला.

आधी वाल्मीक हसला, मग मागचे हसले. चाचानं चेष्टा केली असं सगळ्यांना वाटलं. त्यानं पेन टेबलावर ठेवलं आणि पुन्हा तेच म्हणाला, आणि मग कुणी हसलं नाही. चारचौघांत नवऱ्यानं असं म्हटल्यावर मैमुनानं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या, कचेरीचं छप्पर डोक्यावर घेतलं असतं. तो त्याचीच वाट पाहत होता. अंग आवळून, जवळजवळ आशेनं, वाट पाहत होता.

"बरं," मैमुना म्हणाली. पदर सावरून ती उठली आणि इरफानच्या मागोमाग दारातून बाहेर गेली.

८

तो पुन्हा त्या घरात गेला नाही. फरहत धावत आली, रडली, आईला कवटाळून बसली, आणि मग बापाला महाळुंग्याला घेऊन गेली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. "अम्मी इतकी चांगली वागतेय, अब्बा. तुम्हालाच काहीतरी झालंय," असं ती पहिलं वर्षभर म्हणत होती. नंतर म्हणायची बंद झाली. आईला ती महिन्यातून एकदा भेटून येई. आल्यावर फकरुद्दीन एवढंच विचारी, "तिथं कशावर सही केली न्हाईस ना?" तीही सवयीनं सांगे, "नाही, अब्बा."

जमिनीचा दस्त राहिला तो राहिलाच. गिऱ्हाईकानं दुसरीकडं जागा घेतली. अल्बम घरीच होता, खिडकीत, असं फरहत म्हणायची. दोन हजार नऊ सालापर्यंत फकरुद्दीनला महाळुंग्याची सवय झाली होती. समोर भाताच्या खाचरांत इमारती उभ्या राहत होत्या, त्या तो गॅलरीतून मोजत नसे, नुसत्या पाहत असे.

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की पौडहून फोन येई.

"जेवला का?"

"जेवलो."

"तब्येत बरी हाय?"

"बरी हाय."

"ठिवते मग."

अडीच वर्षं हे असंच. फरहतनं सांगितलं होतं, निदान फोन तरी घेत जा, म्हणून तो घ्यायचा. आवाज तोच होता. डोळे मिटले तर वाटे, आहे ती. पण तो डोळे मिटत नसे.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी फरहत कामावर होती. घरात तो एकटाच. फोन वाजला.

"जेवला का?"

तो गॅलरीच्या दारात उभा होता. बाहेर लख्ख ऊन होतं. का कोण जाणे, त्यानं ठरवलेलं उत्तर दिलं नाही.

"मैमुना कुटं हाय?" त्यानं विचारलं.

पलीकडं कुणी दचकलं नाही. श्वासही बदलला नाही. तोच आवाज म्हणाला, "हितंच हाय की."

मग फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. रिसीव्हर कुठंतरी टेकवून पावलं लांब गेल्यासारखं वाटलं. फकरुद्दीन कान लावून उभा राहिला. त्याला घड्याळ ऐकू आलं, बाहेरच्या खोलीतलं. खिडकीचं तावदान वाऱ्यानं थडथडलं. आणि फोनमध्येच, त्या थडथडण्यामागून, खूप लांबून, एकावर एक ठेवलेल्या कागदांच्या जाड थप्पीखालून यावा तसा, एक आवाज आला. शब्द लागेनात. सूर लागला. चढा, चिरका, घशाच्या शिरा ताणून काढलेला. कुणीतरी कुणालातरी झाडत होतं.

त्यानं दुसऱ्या कानावर हात दाबला.

"...बत्तीस वर्सं भाकऱ्या थापल्या ह्या मानसाच्या, आन हाक मारली तर वळून बगायला... आवो! बहिरं झाला का? किती येळ वरडतीया मी! घसा फुटला माजा. दार उगडा की!"

 "मैमुना," तो कसाबसा म्हणाला. "मैमुना, मी..."

पावलं परत आली. "ठिवते मग," शांत आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

तो किती वेळ तसाच उभा होता, ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. समोरच्या इमारतीवरचे कामगार जेवायला खाली उतरले, पुन्हा वर चढले. त्यानं डोकं चालवून पाहिलं. टीव्ही असेल. साळूबाई असेल. लाईनवर दुसऱ्या कुणाचं बोलणं आलं असेल. प्रत्येक कारण चांगलं होतं. यातल्या कुठल्याही कारणावर तो एरवी दस्त लिहून मोकळा झाला असता.

मग त्यानं टोपी घातली. फरहतला चिठ्ठी लिहिली, अम्मीकडं जातोय, मागं येऊ नकोस. खाली नाव घातलं नाही. किल्ली शेजारी दिली, रिक्षानं चांदणी चौकात आला. पौडची गाडी लागलेली होती. खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी भूगाव ओलांडून पुढं निघाली तशी रस्त्याला वर्दळ कमी झाली, आणि कंडक्टर जवळ आला.

"कुटं जायचं, चाचा?"

"पौड," फकरुद्दीन म्हणाला. "बायको वाट बघतीय. लई तापली हाय."

कंडक्टर हसला. फकरुद्दीनही हसला, आणि त्यानं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.